बियाण्याला सातबारा लागत नाही

आमच्या यवतमाळ जिल्ह्यात सातबारा नसलेल्याला शेतकरी म्हणत नाहीत, तो मजूर. पण आमच्या वस्तीतल्या भूमिहीन बायांनी ज्वारीची भरदार कणसं निवडून ठेवली, तुरीचं बी राखेत घोळून गाडग्यात जपलं. ही निवड म्हणजे विज्ञानच, असं मी मानतो. १९७० मध्ये सुरतेत ‘एच-४’ हा संकरित कापूस निघाला. संकरिताची पुढची पिढी एकसारखी येत नाही. बी दरसाल विकत घ्यावं लागतं. कापूस वाढला, ज्वारी हटली, गाडगी रिकामी झाली. २००१चा पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा मात्र पारंपरिक वाण जपणाऱ्यालाही ‘शेतकरी’ म्हणतो. जमिनीची अट घालत नाही. हे वस्तीवस्तीत सांगितलं पाहिजे. न सांगितलेला हक्क कागदावरच मरतो.