वडिलांनी शिकवलं ते पोरांनाही शिकवू



मी जाळं फेकायला वडिलांकडून शिकलो, मांजराच्या काठावर. पहिल्या फेकीत बोटुकली आली. ती त्यांनी परत सोडायला लावली. "आज सोड, उद्या किलोनं येईल," म्हणाले.

रोहू, कटला, मृगळ तळ्याच्या साचल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांना पावसाळ्यातलं वाहतं पाणी लागतं. १० जुलै १९५७ ला ओडिशात हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन त्यांची पैदास करून दाखवली, म्हणून आज तळ्यात सोडायला बीज मिळतं. तेच बीज आपण बारीक आसाच्या जाळ्यानं उपसलं, तर पोरं काय धरतील?

यंदा मोठ्या आसाचंच जाळं लावा. पोरांना सोबत न्या. मासा धरायला शिकवा, अन् सोडायलाही.

– सचिव