बेटावर पोहायला जाताना वाळू नव्हे, पाणी पाहा

आपल्या नोकरदार घरांतून सहलीची भाषा आता बदलली आहे. दीक्षाभूमी, अजिंठा-वेरूळ, महाबळेश्वर पाहून झाले की मुले म्हणतात, "यंदा एखाद्या बेटावर जाऊ, समुद्रात पोहू." बेत चांगला आहे. सरकारी व बँकेच्या नोकरीत प्रवास सवलतही मिळते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना तर अंदमानला विमानाने जाण्याची खास सवलत अनेक वर्षे मिळत आली आहे. तिची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून आधी कार्यालयात चौकशी करावी. मात्र प्रवास कंपनीच्या रंगीत पत्रकातील पांढरी वाळू पाहून बेट ठरवू नये. आपली मुले ज्या पाण्यात उतरणार ते पाणी कसे आहे, हे आधी विचारावे.

आपण माणदेशी माणसे. म्हसवडकरांना राजेवाडीचा तलाव हाच समुद्र, तोही पाऊसकाळ बरा झाला तर. पोहणे शिकायचे ते विहिरीत, पाठीला डबा किंवा भोपळा बांधून. आपल्या समाजाच्या वाट्याला तेही उशिरा आले. ज्या पाण्याला हात लावायची बंदी, त्यात सूर कोण मारू देणार? २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतरही गावोगावचे पाणवठे खुले व्हायला फार काळ गेला. म्हणून आपल्या अनेक घरांत वडीलधाऱ्यांना पोहता येत नाही, आई-आजीचे तर नावच नको. घरात पोहणारे कोणी नसले की पाण्याची पारख शिकवणाराही कोणी नसतो. ती पारख आपण आता मिळवली पाहिजे.

विहीर वेगळी, समुद्र वेगळा

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतील १४ विद्यार्थी बुडाले. एप्रिल २०१७ मध्ये मालवणजवळ वायरी येथे बेळगावच्या सहलीतील ८ जण गेले. ही शिकलेली मुले होती. शिक्षण असले तरी समुद्राची ओळख वेगळी करून घ्यावी लागते.

विहिरीचे पाणी जागचे हलत नाही. चार हात मारले की काठ लागतो. समुद्राचे पाणी माणसाला घेऊन जाते. लाटांनी किनाऱ्यावर आणलेले पाणी एखाद्या अरुंद पट्ट्यातून जोराने परत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, म्हणून नवख्याला तीच जागा शांत वाटते आणि तो नेमका तिथेच उतरतो. या ओढीत कोणी सापडल्यास त्याने किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दम संपतो. अंग सैल सोडून तरंगावे, हात वर करून हाक द्यावी. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत ओढीबाहेर पडावे आणि मग तिरके किनाऱ्याकडे वळावे. वाचवायला जाणाऱ्याने थेट उडी घेऊ नये. दोर, झाकण घट्ट लावलेला रिकामा कॅन, जे तरंगेल ते आधी फेकावे.

कोणते बेट निवडावे?

निव्वळ पाण्याचा विचार केला तर लक्षद्वीप पहिले. तेथील बेटांभोवती प्रवाळाची नैसर्गिक भिंत आहे. मोठ्या लाटा बाहेरच्या बाजूला फुटतात आणि भिंतीच्या आत उथळ, संथ पाण्याचे सरोवर तयार होते. कवरत्ती, कदमत, बंगारम, मिनिकॉय येथे पोहणे होते ते अशाच पाण्यात. पण भिंतीत जिथे खिंडी असतात तिथे ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर पडते. तिकडे जाऊ नये. प्रवाळ पायाला कापतो, म्हणून पायात रबरी बूट हवेत. जाण्यासाठी प्रवेश परवाना लागतो, कोचीहून जहाज किंवा विमान धरावे लागते आणि खर्च बराच येतो.

दुसरे अंदमान. स्वराज द्वीप म्हणजे पूर्वीचे हॅवलॉक. तेथील राधानगर किनारा सुंदर आहे. पण तो मोकळ्या समुद्राचा आहे, पावसाळ्यात लाटा चढतात. नोव्हेंबर ते एप्रिल हा काळ बरा. अंदमानात खाऱ्या पाण्यातील मगरी आहेत, हे पत्रकात सहसा लिहिलेले नसते. २०१० साली हॅवलॉक येथे एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. म्हणून खाडी, खारफुटी व निर्जन किनारा टाळावा, पहाटे व सांजवेळी पाण्यात उतरू नये आणि मनाईचा फलक कसोशीने पाळावा.

एवढा खर्च झेपत नसेल तर आपले मालवण आहे. कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग किल्ला होडीने पाहता येतो. चिवला किनाऱ्यावर समुद्रातील पोहण्याच्या राज्यस्तरीय स्पर्धा भरतात. पण देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते, त्या संगमावर पोहण्यासाठी उतरूच नये. पावसाळ्याचे चार महिने कोकणात समुद्रस्नानाचा विचारही नको.

भरतीची वेळ काढण्याची कोकणात एक जुनी रीत आहे. तिथीला तीनने गुणून चारने भागावे. अष्टमीला उत्तर येते सहा, म्हणजे सुमारे सहा वाजता पूर्ण भरती. पौर्णिमेला ते येते सव्वा अकरा. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाण्याचा जोरही जास्त. हा हिशेब ढोबळ आहे. त्या दिवशीची पक्की वेळ तेथील मच्छिमार बांधवांना विचारावी आणि ते नको म्हणाले तर वाद घालू नये.

पैसे भरण्यापूर्वी हे विचारा

किनाऱ्यावर जीवरक्षक आहेत का आणि किती वाजेपर्यंत असतात? गोव्यात २००८ पासून किनाऱ्यांवर जीवरक्षक आहेत; लाल-पिवळ्या निशाणांच्या मधेच पोहायचे आणि लाल निशाण दिसले की उतरायचे नाही, असा तेथील नियम आहे. जवळचा दवाखाना किती अंतरावर आहे? होडीत प्रत्येकाला, लहान मुलांनाही, अंगाला बसणारे जीवरक्षक जाकीट मिळेल का? समाधानकारक उत्तर मिळाले नाही तर दुसरे ठिकाण पाहावे.

भगिनींना एक सांगणे. साडी नेसून समुद्रात उतरू नका. ओली साडी पायांत गुंडाळते आणि लाटेत उठता येत नाही. पोहण्याचा पोशाख किंवा अंगाला बसणारा सलवार-कुडता घालावा, त्यात लाजण्यासारखे काही नाही. लहान मूल मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावरच असावे. दारू पिऊन कोणीही पाण्यात जाऊ नये.

मुख्य तयारी मात्र घरीच करायची आहे. सांगली जिल्ह्यातील पेठचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून जायबंदी झाले. त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर पोहण्यात सुवर्णपदक मिळवले. समुद्र लांब असलेल्या मुलखातही पोहणारा तयार होतो. शिकण्याची सोय मात्र करावी लागते. तेव्हा मुलगा असो वा मुलगी, सुट्टी लागताच दोघांनाही जाणत्या शिक्षकाच्या हाताखाली पोहायला घाला. आईनेही सोबत शिकावे. बेटाची तिकिटे त्यानंतर काढावीत.