गिटार विवर्धकाचे घरगुती ध्वनिमुद्रण : ध्वनिदोष व निवारण

विद्युत् गिटारच्या तारांच्या कंपनांमुळे पिकअप या चुंबकयुक्त वेटोळ्यात क्षीण विद्युत् संदेश निर्माण होतो. विवर्धकात तो प्रबल होतो व लाउडस्पीकरमधून ध्वनिरूपाने बाहेर पडतो. मायक्रोफोन या ध्वनीचे पुन्हा विद्युत् संदेशात रूपांतर करतो आणि ऑडिओ इंटरफेस या जोडपेटीत त्याचे अंकीय रूप होऊन तो संगणकात साठविला जातो. या साखळीच्या कोणत्याही कडीत दोष उद्‌भवू शकतो. ध्वनिमुद्रणगृहात खोलीची रचना व वीजजोडणी यांची काळजी आधीच घेतलेली असते. घरी ती मुद्रण करणाऱ्यास घ्यावी लागते. दोषाची कडी निश्चित न करता केलेले उपाय बहुधा निष्फळ ठरतात, तर काही उपाय जीवघेणेही ठरू शकतात.

दोषस्थान ठरविणे : साखळी गिटारपासून क्रमाने तपासतात. गिटारवरील आवाजाचे नियंत्रक शून्यावर आणल्यास नको असलेला आवाज थांबला, तर त्याचा उगम पिकअपमध्ये किंवा गिटारच्या अंतर्गत जोडणीत असतो. तो चालू राहिल्यास गिटारची केबल विवर्धकातून काढतात. तेव्हा आवाज थांबल्यास केबल सदोष असण्याचा संभव असतो व न थांबल्यास विवर्धकाकडे लक्ष द्यावे लागते. विवर्धक बंद केल्यावरही मुद्रणात आवाज येत असेल, तर दोष मायक्रोफोन, त्याची केबल किंवा जोडपेटी यांत असतो. एका वेळी एकच बदल करून प्रत्येक वेळी थोडे मुद्रण करावे; दोन बदल एकदम केल्यास गुण कशाने आला हे कळत नाही.

गुणगुण व खरखर : भारतात घरगुती विजेची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) ५० हर्ट्झ आहे. रोहित्रे व वीजतारा यांच्या चुंबकीय क्षेत्रामुळे एकवेटोळी पिकअपमध्ये याच कंप्रतेची व तिच्या पटीतील कंप्रतांची गुणगुण उत्पन्न होते. वादकाने बसण्याची दिशा बदलल्यास किंवा विवर्धक व संगणक यांपासून दूर बसल्यास ती कमी होते. दिव्यांचा प्रकाश मंद करणारी नियंत्रके व मोबाईल दूरध्वनी यांमुळे खरखर येते. ती उपकरणे दूर ठेवणे वा बंद करणे हाच सोपा उपाय होय. गिब्सन कंपनीतील सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये एकस्वासाठी अर्ज केलेल्या द्विवेटोळी पिकअपमध्ये वेटोळ्यांची व चुंबकांची रचना परस्परविरुद्ध असते. त्यामुळे बाहेरून आलेली गुणगुण परस्परांत लोप पावते व तारांचा संदेश मात्र मिळून वाढतो.

विवर्धक थेट केबलने संगणकाच्या जोडपेटीस जोडल्यास दोन्ही उपकरणांच्या भूसंपर्कांचे मिळून एक बंद मंडल तयार होते व त्यातूनही गुणगुण येते. दोन्ही उपकरणे एकाच वीजफळीवर जोडणे किंवा संदेशमार्गात विलगन रोहित्र घालणे हे यावरील योग्य उपाय होत. विवर्धकाच्या प्लगची भूसंपर्काची पिन काढून टाकल्यानेही गुणगुण थांबते. परंतु तसे कधीही करू नये. गिटारच्या तारा केबलद्वारे विवर्धकाच्या धातूच्या सांगाड्यास जोडलेल्या असतात. विवर्धकातील निरोधन निकामी झाल्यास सांगाड्यावर २३० व्होल्ट दाब येऊ शकतो. भूसंपर्क शाबूत असेल तर फ्यूज वितळून पुरवठा खंडित होतो. तो तोडलेला असेल तर तारांना हात लावलेल्या वादकाच्या शरीरातून, विशेषतः त्याचा मायक्रोफोनला स्पर्श झाल्यास, प्रवाह वाहतो. इलेक्ट्रॉन नलिकायुक्त विवर्धकातील धारित्रांमध्ये पुरवठा बंद केल्यावरही शेकडो व्होल्ट दाब टिकून राहू शकतो. म्हणून त्याची आतील दुरुस्ती तंत्रज्ञाकडूनच करवून घ्यावी.

विरूपण : विवर्धकातील विरूपण हा नेहमीच दोष नसतो. ‘द किंक्स’ या ब्रिटिश वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस यांनी लाउडस्पीकरचा शंकू कापून मिळविलेला कर्कश नाद १९६४ मधील त्यांच्या गाण्यात मुद्दाम वापरला होता. जोडपेटीत होणारे विरूपण मात्र निराळे असते. अंकीय मोजमापाच्या कमाल मर्यादेपलीकडे गेलेल्या तरंगांची शिखरे छाटली जातात आणि त्यांचा मूळ आकार नंतर पूर्णपणे परत मिळत नाही. म्हणून सर्वांत जोरकस वादनाच्या वेळी शिखरे कमाल मर्यादेच्या सु. १० डेसिबल खाली राहतील इतकेच विवर्धन जोडपेटीवर ठेवावे. संगणकाच्या पडद्यावरील पातळी नंतर कमी केल्याने हा दोष जात नाही, कारण छाटणी त्यापूर्वीच झालेली असते.

मायक्रोफोनची जागा व खोली : शंकूच्या मध्यासमोर उच्च कंप्रता अधिक मिळतात, तर कडेकडे सरकावे तसा आवाज सौम्य होतो. आवाज बोचरा वाटल्यास मायक्रोफोन काही सेंमी. बाजूस सरकवून पाहावा. दिशानुवर्ती मायक्रोफोन लाउडस्पीकरच्या फार जवळ आणल्यास नीच कंप्रता फुगतात. आवाज घुमट व जड झाल्यास तो थोडा मागे घ्यावा. दोन मायक्रोफोन वापरल्यास त्यांच्या अंतरांतील फरक महत्त्वाचा ठरतो. एक मायक्रोफोन दुसऱ्यापेक्षा १७ सेंमी. दूर असल्यास ध्वनी त्याच्याकडे सु. अर्धा मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. त्यामुळे दोन्ही संदेश एकत्र केल्यावर सु. १,००० व ३,००० हर्ट्झच्या कंप्रता क्षीण होऊन आवाज पोकळ लागतो. अशा वेळी प्रथम एकच मायक्रोफोन चालू ठेवून ऐकावे.

समोरासमोरच्या भिंतींमध्ये ३ मी. अंतर असल्यास सु. ५७ व ११४ हर्ट्झला अप्रगामी तरंग निर्माण होतात. गिटारच्या सर्वांत खालच्या तारेचा मूळ स्वर सु. ८२ हर्ट्झ असल्याने त्यांपैकी दुसरी कंप्रता वाद्याच्या कक्षेत येते व तिच्या जवळपासचा एखादा स्वर अकारण घुमतो. विवर्धक कोपऱ्यातून बाहेर काढल्याने व खुर्चीवर ठेवल्याने हा परिणाम घटतो. गुळगुळीत फरशी व उघड्या भिंती यांवरून होणारे उच्च कंप्रतांचे परावर्तन सतरंजी, गोधड्या किंवा जाड पडदे यांनी कमी होते. नीच कंप्रतांवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही.

श्रवणातील फसगत : खोलीत भरदार वाटलेला आवाज मुद्रणात किरटा लागतो, ही सर्वसाधारण तक्रार आहे. वादकाचे कान लाउडस्पीकरपासून दूर व बहुधा त्याच्या अक्षाच्या वर असतात, मायक्रोफोन मात्र त्याच्या अगदी समोर असतो. शिवाय हार्वी फ्लेचर व डब्ल्यू. ए. मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे आवाज लहान असताना कानाला नीच कंप्रता प्रमाणाबाहेर क्षीण वाटतात. म्हणून विवर्धकाची मूळ व मुद्रित ध्वनीशी तुलना करताना दोन्ही शक्यतो सारख्याच पातळीवर ऐकावेत.

शेजाऱ्यांना त्रास होऊ नये म्हणून लाउडस्पीकरची जोडणी काढून मुद्रण करण्याचा मोह होतो; परंतु नलिकायुक्त विवर्धक भाराविना चालविल्यास त्याचे निर्गम रोहित्र जळू शकते. त्याऐवजी योग्य रोधाची भारपेटी किंवा कमी शक्तीचा विवर्धक वापरावा.

मुद्रणानंतर नादाची गोडी काही प्रमाणात सुधारता येते. पण छाटलेली शिखरे, लोप पावलेल्या कंप्रता व खोलीचे परावर्तन यांची भरपाई समाधानकारकपणे होत नाही. म्हणून हे दोष मुद्रणापूर्वीच दूर करणे श्रेयस्कर ठरते.