बाळंतिणीकडेही पाहा

म्हैस व्याली की वार पडेपर्यंत आपल्यातला कोणीही शेतकरी गोठा सोडत नाही. वार अडकली तर रात्री-अपरात्री जनावरांच्या डॉक्टरला बोलावणे जाते. घरची सून सुखरूप बाळंत झाली म्हणजे मात्र आपण सुटलो असे समजतो, आणि सारे घर पाळण्याभोवती जमते. वास्तविक बाळंतिणीला सहा आठवडे जपावे लागते. त्यातही पहिला दिवस आणि पहिला आठवडा फार नाजूक.

सर्वांत घाईची गोष्ट रक्तस्राव. ‘वाईट रक्त जाऊ दे,’ असे वडीलधाऱ्या बायका म्हणतात. थोडे जातेच. पण तासाभरात कपड्याची घडी चिंब भिजू लागली, मोठ्या गाठी पडू लागल्या, चक्कर येऊन हातपाय गार पडले, तर काही तासांतच ती दगावू शकते. अर्ध्या तासात वार पडली नाही तरी धोका तोच. बाळाला अंगावर पाजायला द्यावे, तिला आडवे ठेवून पांघरूण घालावे आणि लगेच गाडी बोलवावी. थांबलेले रक्त आठ-दहा दिवसांनी एकाएकी वाढले तरी दवाखाना गाठावा.

ताप 100.4 अंशांवर गेला, ओटीपोट दुखू लागले, अंगावरून जाणाऱ्या स्रावाला घाण वास आला, तर काढ्यावर दिवस घालवू नयेत. हा सूतिकाज्वर. 1847 साली व्हिएन्नात डॉ. सेमेलवाइस यांनी डॉक्टरांना क्लोरिनच्या पाण्याने हात धुवायला लावले, तेव्हा या तापाने होणारे मृत्यू झपाट्याने घटले. आपण तर शेणामातीतून थेट खोलीत येतो! साबण दाराशीच ठेवावा.

डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, छातीखाली पोटात कळ, चेहऱ्यावर सूज ही झटके येण्याची पूर्वसूचना असू शकते. गरोदरपणी रक्तदाब ठीक असला तरी बाळंतपणानंतर तो चढू शकतो. झटके आले की अजूनही काही घरांत बाहेरची बाधा म्हणून दृष्ट काढली जाते. प्रार्थना अवश्य करावी, पण दवाखान्याच्या वाटेवर, गाडीत बसून.

एकच पाय सुजून दुखणे, अचानक दम लागणे, हीदेखील थांबण्याची दुखणी नव्हेत. ती रात्र रात्र झोपत नसेल, असंबद्ध बोलत असेल, स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाचे बरेवाईट बोलत असेल, तर तिला एकटी सोडू नये. तो नखरा नव्हे, आजार आहे, आणि तो औषधाने बरा होतो.

आपल्या खानापूर-बेळगाव भागात लावणीच्या दिवसांत घरात माणूस उरत नाही. निदान पहिला आठवडा एकाने शेत सोडून घरी राहावे. 108 ची गाडी फुकट येते. 2011 पासूनच्या जननी शिशु सुरक्षा योजनेत सरकारी दवाखान्यात बाळंतिणीवरचे उपचारही फुकट होतात. आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आणि पुढे बेचाळिसाव्या दिवसापर्यंत घरी येते. ती आली की बाळाचे वजन झाल्यावर तिला आईजवळही बसवावे, आणि त्या वेळी सासूबाईंनी जरा बाहेर जावे. काही गोष्टी सून सासूसमोर बोलत नाही.