वरचा थर सोनेरी झाला म्हणजे कॉबलर झाला?

ब्लूबेरी कॉबलर हा अमेरिकी घरांतला उन्हाळी गोड पदार्थ. खोलगट भांड्यात साखर, लिंबाचा रस आणि कॉर्नफ्लोअर लावलेली ब्लूबेरी, तिच्यावर मैदा, साखर, लोणी, दूध आणि बेकिंग पावडरच्या सैलसर पिठाचे गोळे, आणि मग ओव्हन. इतकी सोपी कृती असूनही वाढताना बशीभर जांभळे पाणी पसरते. त्याच्या मुळाशी बहुधा एकच समजूत असते: वरचा थर सोनेरी झाला की कॉबलर झाला.

ही समजूत चुकीची आहे, आणि ‘सोनेरी होईपर्यंत बेक करा’ एवढेच लिहून थांबणाऱ्या पाककृती तिला खतपाणी घालतात. वरच्या पिठाला ओव्हनची कोरडी आच थेट लागते, त्यातल्या साखरेमुळे आणि दुधामुळे रंग लवकर चढतो. खाली मात्र रसाळ फळांचा जाड थर असतो आणि तो सावकाश तापतो. फळांना टेकलेली पिठाची बाजू तर वाफेवरच शिजते. छान रंग आलेला गोळा काट्याने उचलून पाहावा. खालून तो ओलसर, चिकट, चकचकीत असेल, तर पीठ कच्चे आहे. प्रश्न फक्त चवीचा नाही. कच्च्या मैद्यात ई. कोलाय आणि साल्मोनेला हे जंतू असू शकतात, म्हणून तो खाऊ नये, असे अमेरिकेचे अन्न व औषध प्रशासन बजावते.

रसाचेही तेच. कॉर्नफ्लोअरचे कण साध्या पाण्यात ६० अंश सेल्सिअसच्या थोडे पुढे फुगू लागतात. साखर मात्र पाणी धरून ठेवते, त्यामुळे गोड रसात त्यांना जास्त उष्णता लागते. रस पुरता दाट व्हायचा तर भांड्याच्या मध्यापर्यंत उकळी पोचली पाहिजे. ती डोळ्यांना दिसते. आधी कडेने पातळ, भराभर फुटणारे बुडबुडे येतात. नेमका इथेच अनेकजण ओव्हन बंद करतात. थोड्या वेळाने गोळ्यांच्या फटींतून, अगदी मधोमध, जाड आणि तुकतुकीत बुडबुडे संथपणे रटरटू लागतात. कॉबलर तेव्हा होतो. १९० अंशांवर याला साधारण पाऊण तास लागतो, भांडे खोल असेल तर जास्त. वर रंग लवकर चढला तर अ‍ॅल्युमिनियम फॉइल सैलसर झाकावी. बाहेर काढल्यावर अर्धा-एक तास थांबणेही आवश्यक आहे, कारण स्टार्च निवतानाच रस धरतो. हे सगळे सोडून ‘पुढच्या वेळी कॉर्नफ्लोअर दुप्पट घाला’ असा सल्ला सर्रास दिला जातो. त्याने रसाची खळ होते आणि फळाची चव मरते.

बाकीच्या समजुती लवकर निकालात निघतात. गोठवलेली ब्लूबेरी आधी वितळवावी लागत नाही. तशीच घालून वेळ थोडा वाढवावा. पिठावर निळसर-हिरवे डाग उमटले तर ती बुरशी नव्हे. फळातले अँथोसायनिन आम्लात लाल आणि अल्कलीत निळे-हिरवे होते, म्हणजे सोडा जास्त पडला आहे. ताज्या फळावरची पांढुरकी पूड कीटकनाशक नसून फळाचे स्वतःचे मेण आहे. ब्लूबेरी म्हणजे परदेशी जांभूळ, हेही खरे नाही. ती रोडोडेंड्रॉनच्या कुळातली, जांभूळ पेरूच्या.

अँटिऑक्सिडंटमुळे कॉबलर पौष्टिक ठरतो, हा दावा मात्र त्रासदायक आहे. पदार्थांची अँटिऑक्सिडंट क्षमता देणारी आपली आकडेवारी अमेरिकेच्या कृषी खात्याने २०१२ मध्ये मागे घेतली: प्रयोगशाळेतल्या त्या आकड्यांचा माणसाच्या आरोग्याशी संबंध दिसत नव्हता, आणि जाहिरातींत मात्र ते वापरले जात होते.

गोळे टाकलेलाच कॉबलर खरा, असेही नाही. अमेरिकेच्या दक्षिण भागात वितळलेल्या लोण्यावर पातळ पीठ ओततात आणि फळे वरून पसरतात. बेक होताना पीठच फुगून वर येते. तिथे मधोमध, पिठात खुपसलेली काडी कच्चे पीठ न चिकटता निघाली की कॉबलर झाला.