गंज आणि तापलेल्या नळीचे आयुष्य

रत्नागिरीत राहणाऱ्याला गंज काय असतो हे शिकवावे लागत नाही. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या गजांना दोन-चार पावसाळ्यांत पापुद्रे सुटतात. पण या जिल्ह्यात गंजाचा आणखी एक प्रकार आढळतो आणि त्याला पाणी नव्हे, आग लागते. जयगड येथे 2010-11 मध्ये सुरू झालेल्या औष्णिक विद्युत केंद्रात 300 मेगावॉटचे चार संच आहेत. अशा संचाच्या बॉयलरमध्ये वाफ सुमारे 540 अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात आणि तिचा दाब वातावरणाच्या दीडशेपटीहून अधिक असतो.

या तापमानाला पोलाद वितळत नाही. मात्र त्यावर सतत ताण असला, तर ते वर्षानुवर्षे अतिशय सावकाश ताणले जाते. याला विसर्पण म्हणतात. कारखान्यात सगळे ‘क्रीप’च म्हणतात. धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर सूक्ष्म पोकळ्या पडतात, त्या एकमेकींना जोडल्या जातात आणि अखेर नळी फुटते. म्हणून अशा नळीचे आयुष्य तासांत मोजतात. 1950 च्या भारतीय बॉयलर नियमावलीनुसार 1,00,000 तासांनंतर, म्हणजे अखंड चालवल्यास साधारण साडेअकरा वर्षांनी, उरलेल्या आयुष्याची तपासणी करावी लागते.

आता यात गंज शिरतो. तापलेल्या लोखंडावरून वाफ गेली की मॅग्नेटाइट व हायड्रोजन तयार होतात, ही शालेय पुस्तकातली अभिक्रिया नळीच्या आत चालूच असते. मॅग्नेटाइटचा थर धातूचे रक्षण करतो खरा, पण तो उष्णतेचा मंदवाहक आहे. तो जाड झाला की आगीची उष्णता वाफेपर्यंत सहज पोहोचत नाही आणि धातूच अधिक तापतो. लार्सन व मिलर यांनी 1952 मध्ये मांडलेल्या सूत्राने हिशेब केला, तर 540 अंशांच्या आसपास केवळ 10 अंशांची वाढ आयुष्य जवळजवळ निम्मे करते! बाहेरच्या बाजूला, सर्वांत तप्त भागांत, राखेतील सोडियम-पोटॅशियमचे क्षार वितळून संरक्षक थर विरघळवतात आणि भिंत पातळ होते.

पातळ होण्याचा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे. समजा, 5 मिलिमीटर जाडीची नळी गंज नसता 2,00,000 तास टिकली असती. गंजामुळे तिची जाडी दर 1,00,000 तासांत 1 मिलिमीटरने घटते. जाडी 4 मिलिमीटर झाली की भिंतीवरचा ताण सव्वापट होतो. फुटण्यास लागणारा काळ ताणाच्या साधारण पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो असे धरू. सव्वाचा पाचवा घात तीनहून थोडा जास्त येतो. म्हणजे आता दर तासाला पूर्वीच्या तिप्पट आयुष्य खर्च होते. सगळ्या तासांची बेरीज केली, तर नळी सुमारे 1,06,000 तासांतच फुटते आणि त्या वेळी भिंत 3.9 मिलिमीटर शिल्लक असते. नुसती जाडी मोजून ‘अजून पुष्कळ आहे’ म्हणणे आम्हाला धोक्याचे वाटते ते यामुळेच. अशी नळी फुटली की बॉयलर बंद करावा लागतो, आणि जवळ माणूस असेल तर त्याच्या जिवावर बेतते.

विसर्पण शाळेतही दाखवता येते. कथील-शिशाच्या सोल्डरची तार खोलीच्या तापमानालाही विसर्पते, कारण तिचा वितळणबिंदू फार दूर नसतो. मीटरभर तारेला किलोभर वजन टांगून लांबी रोज मोजावी. दुसऱ्या तारेचा मधला भाग पॉलिशपेपरने थोडा बारीक करून तेवढेच वजन टांगावे आणि कोणती आधी तुटते ते पाहावे. तारेत शिसे असते, म्हणून हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत.