मोडक्या लॅपटॉपवरचं आमचं दप्तर

आज आम्ही लोधिवलीच्या बायका तुमच्याशी जे बोलणार आहोत, ते ऐकून काहीजणी म्हणतील, हे काही आपलं काम नव्हे, पोराटोरांचं आहे. दोन वर्षांपूर्वी आम्हीही असंच म्हणत होतो.

झालं असं की गटाचं सगळं दप्तर एका ताईंच्या फोनमध्ये होतं. वह्या होत्याच, पण वहीच्या पानांचे फोटो, नाचणीच्या पापडांच्या ऑर्डरी, कुणाचे किती यायचे त्याची यादी, बैठकांचे फोटो, सगळं त्या एका फोनमध्ये. आणि एका आजींच्या जात्यावरच्या ओव्याही त्यातच. आजी थकल्या होत्या, म्हणून एका दुपारी त्यांच्या ओसरीवर बसून आम्ही पाऊण तास ओव्या भरून घेतल्या होत्या. पुढे आजी गेल्या. त्यानंतरच्या पावसाळ्यात भात लावताना फोन चिखलात पडला तो उठलाच नाही. आम्हाला वाटलं, फोन गेला तरी सामान वर कुठेतरी कंपनीकडे जपलेलं असेल. होतंही. पण ते उघडायला ज्या नंबरवर ओटीपी येणार, तो नंबर रिचार्ज न केल्यामुळे कधीच बंद झाला होता. दोन-तीन ठिकाणी विचारलं, अर्ज केले, उत्तर आलं नाही. हिशेब वह्यांवरून पुन्हा उभा केला. ओव्या कशावरून उभ्या करणार?

तेव्हा गटातल्या एका ताईंचा भाचा म्हणाला, "मावशी, तुमचं सामान तुमच्याच घरात ठेवा की. सर्व्हर लावू." हा मुलगा कॉलेजात शिकतो आणि सुट्टीत भंगारातल्या वस्तू खोलून बसतो. आधी आम्ही हसलो. सर्व्हर म्हणजे मोठ्या कंपन्यांच्या थंडगार खोल्यांत असतात ते, एवढंच आम्हाला ठाऊक.

त्याने आम्हाला पंगतीवरून समजावलं. पंगतीत बसलेला माणूस भात मागतो, वाढपी आणून वाढतो. वेबसाइटचंही तसंच आहे. तुमचा फोन मागतो, "अमुक पान दाखव", आणि दुसरीकडचं एक यंत्र ते पान वाढतं. वाढणारं यंत्र म्हणजेच सर्व्हर. त्याला मोठी खोली लागत नाही. चोवीस तास जागा राहणारा कुठलाही कॉम्प्युटर वाढपी होऊ शकतो. जेवणारे हजार आले तर एक वाढपी पुरणार नाही हे खरं, पण आपली पंगत बारा-पंधरा जणींची.

लॅपटॉप मिळाला तो स्क्रीन फुटलेला. सर्व्हरला स्क्रीन लागतच नाही, लावण्याच्या दिवशी दुसऱ्याचा टीव्ही जोडला की भागतं. बॅटरी मात्र आधी तपासून घ्या. जुन्या लॅपटॉपची बॅटरी फुगलेली असेल तर ती काढून टाकायची, कारण ती पेट घेऊ शकते. आमची बरी होती, त्यामुळे वीज गेली तरी यंत्र तास-दीड तास तग धरतं. वायफायच्या राउटरला ती सोय नसते, म्हणून त्याच्यासाठी छोटा यूपीएस वेगळा घेतला.

यंत्र चालवायला लिनक्स नावाची प्रणाली घातली. ती फुकट मिळते. फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्याने १९९१ साली ती हौस म्हणून लिहायला घेतली आणि आज जगातले बरेचसे सर्व्हर तिच्यावर चालतात. त्यावर फोटो आणि कागद ठेवायला नेक्स्टक्लाउड हा प्रोग्रॅम घातला, तोही फुकट. लॅपटॉप नसेल तर रास्पबेरी पाय नावाची पत्त्यांच्या जोडाएवढी पाटी मिळते. ती २०१२ साली इंग्लंडात मुलांना कॉम्प्युटर शिकवण्यासाठी काढली. वीज फार कमी खाते, पण नवी घ्यावी लागते. घरात मोडका लॅपटॉप पडून असताना ती कशाला घ्या, असं आमचं मत.

विजेचं विचाराल, तर आम्हीही आधी तेच विचारलं. असा लॅपटॉप साधारण वीस वॅट खातो. दिवसरात्र चालला तर अर्ध्या युनिटाच्या आत, महिन्याला चौदा-पंधरा युनिट. छताचा पंखा रोज साडेसहा तास चालवला तर तेवढंच होतं. ती पाटी असती तर महिन्याला चार युनिटसुद्धा लागली नसती. बिल ज्या घरचं, त्या घरी गट दर महिन्याला पैसे देतो. हे आधीच ठरवा. नाहीतर चार महिन्यांनी सासूबाई विचारतात, हे कुणाचं लचांड आपल्या मीटरवर?

आता जरा नीट ऐका, कारण इथेच सगळे गोंधळतात. सर्व्हर आपल्या घरातल्या वायफायला जोडला की त्याला घरातल्या घरात एक नंबर मिळतो, आमचा १९२.१६८ ने सुरू होतो. त्या वायफायवर असलेल्या कुठल्याही फोनमध्ये तो नंबर टाकला की आमचं पान उघडतं. याला इंटरनेट लागत नाही. टॉवर बंद पडला, रिचार्ज संपला, तरी ओसरीवर बसून वही पाहता येते, गाणी ऐकता येतात. आमच्या नव्वद टक्के कामाला एवढंच पुरतं.

बाहेरून, म्हणजे मुंबईला दिलेल्या लेकीला पापडांची यादी पाहायची असेल, तर अडचण येते. चाळीत पन्नास बिऱ्हाडं आणि टपालाचा पत्ता एकच, असं समजा. इंटरनेट देणाऱ्या कंपन्या पुष्कळदा अनेक घरांना मिळून बाहेरचा एकच नंबर देतात. आतून बाहेर जाता येतं, पण बाहेरून आलेल्या पाहुण्याला आपलं दार सापडत नाही. यावर तोड म्हणजे बोगदा. आपल्याकडे कर्जतवरून खंडाळ्याला चढताना गाडी बोगद्यांतून जाते ना, तसाच. आपलं यंत्र आतून बाहेरच्या एका यंत्राला सतत जोडलेलं राहतं आणि पाहुणा त्या वाटेने आत येतो. पण त्यात बाहेरची कंपनी मध्ये आलीच. भाच्याला हे कबूल नव्हतं, त्याचं म्हणणं सगळं आपलंच हवं. आम्ही म्हटलं, बाबा रे, दळण घरी दळलं तरी वीज बाहेरूनच येते. थोडं परावलंबन चालतं, कुठे आहे ते ठाऊक हवं.

विजेवरून आठवलं. खोपोलीचं वीजघर १९१५ साली सुरू झालं ते मुंबईच्या गिरण्यांसाठी. पाणी घाटावरचं, यंत्रं आपल्या पायथ्याशी आणि उजेड मुंबईला. आमच्यातल्या म्हाताऱ्या बायका अजून सांगतात, तारा डोक्यावरून जायच्या आणि घरात चिमणी असायची. आपले फोटो, आपले आवाज, आपले हिशेबही आज असेच डोक्यावरून जातात आणि कुठेतरी लांब साठतात.

वेबसाइटला नाव हवं असेल तर ते दरसाल भाड्याने घ्यावं लागतं. २०१४ पासून शेवटी डॉट भारत असलेलं नाव देवनागरीतही मिळतं, मराठीत टाइप करता येतं. आम्ही अजून घेतलेलं नाही. बाहेरच्यांसाठी आमचं पान एकच, पापड-कुरडयांचं. त्यावर कुणाचा घरचा पत्ता नाही की आधार नाही, पासबुकाचा फोटो नाही की कर्जाची यादी नाही. कोणीचं किती देणं आहे हे गटाच्या घोंगडीवर बोलायचं असतं, चव्हाट्यावर नव्हे. ते सगळं आतल्या दाराच्या आत.

पहिल्याच महिन्यात सर्व्हर रोज सकाळी बंद पडायचा. भाच्याने दोन दिवस डोकं खाजवलं. शेवटी कळलं, घरातली सून मिक्सर लावायला त्याची पिन काढत होती! तिची काय चूक, तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेव्हा भाच्याने गोष्ट सांगितली. जगातली पहिली वेबसाइट स्वित्झर्लंडमध्ये जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी १९९० च्या अखेरीस सुरू केली, ती त्यांच्या टेबलावरच्या एकाच कॉम्प्युटरवर. कुणी चुकून बंद करू नये म्हणून त्यावर लाल शाईने हाताने लिहिलेली चिठ्ठी चिकटवली होती, हा सर्व्हर आहे, बंद करू नका. म्हणजे शास्त्रज्ञांच्या घरीही मिक्सरवाली सून होतीच म्हणायची. आम्हीही कुंकवाच्या रंगात चिठ्ठी लावली.

अशी अचानक पिन काढणं वाईट का, तर यंत्र त्याच क्षणी काही लिहीत असेल तर पान अर्धवट राहतं आणि कधीकधी अख्खी वहीच उघडत नाही. मोबाइलच्या छोट्या कार्डावर ठेवलेलं तर लवकर खराब होतं. त्यापेक्षा नव्या पद्धतीची डिस्क, एसएसडी म्हणतात ती, बरी. पावसाळ्यात आणखी तीन शत्रू आहेत: ओल, मुंग्या आणि वीज. यंत्र जमिनीवर किंवा भिंतीला टेकवून ठेवू नका, फळीवर हवेशीर ठेवा. मुंग्या उबेला येतात, म्हणून फळीच्या पायांना आम्ही पाण्याच्या वाट्या लावल्या, दुधाच्या पातेल्याला लावतो तशा. आणि ढग गडगडू लागले की दोन्ही वायरी काढायच्या, विजेची आणि बाहेरून आलेल्या इंटरनेटचीही. आम्ही दुसरी काढली नव्हती. एका रात्री लखलखाट झाला आणि राउटर जळाला. त्या दिवशी सर्व्हर वाचला तो नशिबाने.

पालघर जिल्ह्यात मुंबईच्या आयआयटीने एक प्रयोग केला होता, ग्राममार्ग नावाचा. टीव्हीच्या ज्या लहरी कुणी वापरत नाही, त्यांवरून गावांत इंटरनेट नेलं. या लहरी झाडाझुडपांतून वायफायपेक्षा लांब जातात. २०१७ साली मोझिला या संस्थेच्या स्पर्धेत त्याला पहिलं बक्षीस मिळालं. तिकडे स्पेनमध्ये बार्सिलोनाला एका मासिकाची वेबसाइट २०१८ पासून गॅलरीतल्या सोलर पाटीवर चालते. बरेच दिवस ढग राहिले की बंद पडते, आणि त्यांनी ते मान्य करूनच ती चालवली आहे. आपल्याकडे आषाढात ती महिनाभर झोपूनच राहील.

मुलांसाठी आम्ही सर्व्हरवर किविक्स टाकलं. त्याने मराठी विकिपीडिया अख्खा एका फाइलमध्ये भरून ठेवता येतो, मग इंटरनेट नसतानाही तो वाचता येतो. संध्याकाळी दहावीची पोरं ओसरीवर येऊन बसतात. गटाच्या बैठकीला जागा उरत नाही, ही आमची तक्रार.

पण मूळ गोष्ट जतनाची. घाट चढून गेलं की मावळ-मुळशी. तिथल्या बायकांच्या जात्यावरच्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी १९८० च्या दशकापासून गोळा केल्या. पुढे बर्नार्ड बेल या फ्रेंच तज्ज्ञाने त्या कॉम्प्युटरवर नीट लावल्या, आवाजही भरून घेतले. महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमल्या. २०१७ पासून त्या पारी या वेबसाइटवर वाचायला, ऐकायला मिळतात. गाणाऱ्या कितीतरी जणी आज नाहीत. ओव्या राहिल्या, कारण त्या कागदावर होत्या, टेपवर होत्या, कॉम्प्युटरवर होत्या, एकाच ठिकाणी नव्हत्या.

म्हणून आम्हाला कुणी विचारलं, की सर्व्हर लावला म्हणजे सामान सुरक्षित का, तर आम्ही नाही म्हणतो. घरातलं एक यंत्र म्हणजे पुन्हा तोच चिखलातला फोन, थोडा मोठा. तीन प्रती हव्यात आणि त्यातली एक दुसऱ्या गावी हवी. आमची पहिली प्रत सर्व्हरवर, दुसरी कपाटातल्या डिस्कवर, आणि तिसरी माहेरी. पुराचं पाणी आलं, आग लागली, तरी सासर-माहेर एकाच वेळी बुडत नाही. आणि हिशेबाची कागदी वही आम्ही सोडलेली नाही. बँकेत आणि तपासणीला वहीच लागते.

सगळ्यात मोठी चूक शेवटी सांगतो. पहिले आठ महिने पासवर्ड फक्त भाच्याला ठाऊक होता. त्याला पुण्यात काम लागलं, तो गेला, आणि एक दिवस दार उघडेना. तेव्हा लक्षात आलं, की आम्ही कंपनीच्या हातातलं सामान काढून एका मुलाच्या हातात दिलं होतं. तो भला मुलगा, फोनवरून सगळं सांगितलं. आता पासवर्ड पाकिटात लिहून गटाच्या पेटीत आहे, पेटीच्या तीन किल्ल्या तिघींकडे. दोघीजणी यंत्र बंद-चालू करणं, प्रती काढणं आणि नवे सुधार घालणं शिकल्या. ते सुधार टाळायचे नसतात, पावसाआधी घर शाकारतो तसंच ते आहे, एखादं भोक राहिलं तर तिथूनच चोर येतो. त्यातली एक जण सातवी शिकलेली आहे. तिच्या वहीत प्रत्येक पायरी मराठीत लिहिलेली आहे, बटणाचं चित्र काढून.

त्या आजींच्या ओव्या परत मिळाल्या नाहीत. त्यांच्या धाकट्या जावेला काही येतात. त्या म्हणतात, मला अर्ध्याच आठवतात. आतापर्यंत त्यांच्याकडून एकवीस भरून घेतल्या आहेत. माहेरची डिस्क पोचवायची पाळी या वेळी पनवेलजवळ माहेर असलेल्या ताईंची आहे, त्या गौरीला जाणार आहेत. त्याआधी आणखी दहा-बारा भरून व्हायच्या आहेत.